पान उलटणारे खाजाभाई

"पियानोला भूक लागत न्हाई साहेब, पण लई दिवस एकटा ठिवला तर तो मुका व्हतो," असं खाजाभाई एकदा कुलसचिवांना तोंडावर म्हणाले होते.

कुलसचिव श्रीमंत वांढेकर यांनी काही वाकड्यात शिरून विचारलं नव्हतं. वाद्य हॉलमध्ये उभं आहे, चारा मागत नाही, पाणी मागत नाही, मग त्याच्यासाठी अख्खा प्राध्यापक कशाला, एवढाच त्यांचा सरळ प्रश्न होता. ते मूळचे शेतकी खात्यातले. खाजाभाईंचं उत्तर ऐकून त्यांना हसू आलं, आणि एकदा हसल्यावर नाही म्हणणं त्यांना जड गेलं. पियानोवादनाच्या प्राध्यापकाची जाहिरात तिसऱ्यांदा निघाली ती अशी.

हे विद्यापीठ नगरच्या बाहेर, पाथर्डी रस्त्याला. पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण एसटीचा कंडक्टर अजून 'नगर, नगर' असंच ओरडतो. आजूबाजूला नुसता माळ. बाभळी, मुरूम, आणि जुन्या पत्र्यासारखं तापलेलं ऊन. त्या माळावर काचेच्या इमारती उठायला लागल्या तेव्हा लोकांना वाटलं होतं, शुगर फॅक्टरी होतेय. संस्थेचे अध्यक्ष मुलीच्या पदवीदानाला परदेशी गेले आणि तिथल्या सभागृहात त्यांनी पियानो ऐकला. परत आल्यावर त्यांनी पुण्याहून तसाच एक काळा, तीन पायांचा, लांबलचक पियानो विकत आणला. गोधड्यांत गुंडाळलेला तो टेम्पोतून आला, हॉलमध्ये चढवला गेला, त्याला हार घातला गेला. तो वाजवणारं माणूस आणायचं तेवढं राहून गेलं.

त्या राहून गेलेल्या जागेत खाजाभाई आले, ते पाणी प्यायला.

खाजाभाई शेख तिसगावचे. बाप बँडमध्ये ताशा बडवायचा. खाजाभाई पोरवयात झांजा वाजवायचे, मग पेटी, आणि गावाकडच्या बँडवर विजेवरचा कीबोर्ड, कॅसिओ, आला तेव्हा ते कॅसिओवर गेले. बँडची ढकलगाडी, तिच्यावर दोन भोंगे, मागे धूर ओकणारं जनरेटर आणि गाडीच्या दांड्याला बांधलेल्या कॅसिओवर चालता चालता वाजवणारे खाजाभाई, असं त्यांचं आयुष्य पाथर्डी, शेवगाव, नेवासे अशा तालुक्यांतल्या वरातींमधून पुढे सरकलं. लोकांची लग्नं लागत गेली, त्या लग्नांतल्या पोरांचीही लागली. खाजाभाई गाडीबरोबर चालत राहिले. ते कधी कुरकुरले नाहीत. दुसऱ्याच्या आनंदाच्या पुढे चालत जायचं आणि दारापाशी आल्यावर बाजूला व्हायचं, हा धंदा त्यांना मनापासून आवडायचा.

एकदा विद्यापीठाच्या वर्धापनदिनाच्या मिरवणुकीला त्यांचा बँड बोलावला होता. दुपारी बाकीचे कडुनिंबाखाली आडवे झाले आणि खाजाभाई पाणी शोधत हॉलमध्ये शिरले. समोर ते काळं धूड. त्यांनी आधी रुमालाने हात पुसले, मग झाकण उचललं. संगीत विभागाचे प्रमुख गोरक्ष आठरे सर शेजारच्या खोलीत डबा खात होते. ते तसेच खरकट्या हाताने बाहेर आले.

"कोण वाजवतंय?"

"मी हाय सर, बँडवाला. पानी प्यायला आल्तो."

"मग पाणी प्या, आणि परत वाजवा."

त्यानंतर खाजाभाई विद्यापीठात हंगामी वाद्यशिक्षक झाले. तिसगावहून रोज एसटी, करंजीचा घाट, विद्यापीठाच्या फाट्यावर उतरणं. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं की पियानो म्हणजे कॅसिओचा थोरला भाऊ. दुसऱ्या दिवशी कळलं की दोघांचं नातंच नाही. कॅसिओची पट्टी नुसती शिवली तरी बटण फिरवाल तेवढ्या आवाजात ओरडते. इथं पट्टी वाट बघत बसते. माणूस तिच्यावर स्वतःचं किती ओझं टाकतोय, हे आधी बघते आणि मग तेवढंच बोलते. खाजाभाई त्या वाद्याशी अदबीने वागायला लागले. रोज ते पुसायचं, उंदीर शिरू नयेत म्हणून कापराच्या वड्या ठेवायच्या, उन्हाळ्यात हॉलच्या खिडक्यांना ओली पोती लावायची. स्वरलिपी ते आठरे सरांकडून शिकले, पण धावत्या बसवरच्या पाट्या वाचाव्यात तशीच ती त्यांना वाचता यायची. गावाचं नाव कळायचं, मधले थांबे सुटून जायचे.

पोरं मात्र आली. शेवगावची, घोडेगावची, नगरातली. त्यातली उझ्मा भिंगारची, तिच्या बापाचं गाद्या भरायचं दुकान. बोटं अशी पळायची, की खाजाभाई तिच्याकडे बघायचे आणि ऐकायचं विसरायचे. दोनेक वर्षं त्यांनी स्वतःजवळचं सगळं तिला दिलं. मग एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की द्यायला काही उरलेलं नाही, आणि मुलगी तर वेशीवरच उभी आहे. तिचा हात स्वच्छ होता, पण आवाज पातळ यायचा, ट्रेसिंग पेपरसारखा. कुठंतरी काहीतरी बांधलेलं होतं. काय बांधलंय ते खाजाभाईंना दिसत नव्हतं, आणि न दिसणारी ती गाठ करंजीच्या घाटात त्यांच्याबरोबर रोज बसमध्ये बसायची.

म्हणून तेच आठरे सरांच्या मागे लागले, की जाणकार मास्तर आणा.

"खाजाभाई, स्वतःच्या हाताने स्वतःची खुर्ची काढताय," सर म्हणाले.

"खुर्ची कुठं हाय सर? बाकडं हाय, त्यावर दोघं बसत्यात."

"आणि नवा माणूस आल्यावर तुम्ही काय करणार?"

"पानं उलटीन की."

जाहिरात आधी दोनदा निघालेली. पहिल्यांदा कुणीच आलं नाही. दुसऱ्यांदा एकजण आला, इथून विमानतळ किती लांब ते विचारलं आणि चहा न घेताच गेला. तिसऱ्यांदा अध्यक्षांनी निरोप पाठवला, की ह्या वेळेला योग्य माणूस मिळाला तर ठीक, नाहीतर ती जागा कायमची बंद. पियानो नव्या पाहुणेघराच्या दर्शनी भागात, टीव्हीखाली हलवायचा, आणि पोरांना सुगम संगीताच्या वर्गात बसवायचं. एवढं ऐकल्यापासून खाजाभाईंच्या मनात दुसरं काही राहिलं नाही. मास्तर मिळाला नाही तर उझ्मा आणि तिच्यामागची पोरं तशीच वेशीवर राहणार, आणि पियानोवर फुलदाणी येणार.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी चांदबी दारात बसून मेथी निवडत होती. नवराबायको घरात दखनी बोलायचे, थट्टा करायची झाली की मराठीवर यायचे.

"बँडचा कोट घालू नका म्हंजे झालं," ती म्हणाली. "मागल्या बारीला कलेक्टरच्या चपराश्यावानी दिसत हुता."

"कुठला कोट? हा सदरा बघ की. तूच इस्तरी केली."

"आन् त्यो नवा मास्तर आल्यावर तुमी काय करनार? धूळ पुसनार?"

"आत्ता बी पुसतोच की."

"तुमाला कुनी उठवलं तरी तुमी त्याला बसायला सतरंजी घालचाल," चांदबी म्हणाली आणि मेथीची काडी त्यांच्या दिशेने फेकली. ती सदऱ्याला लागली. खाजाभाईंनी ती काढून खिशात टाकली आणि बसला गेले.

निवड समितीत तिघं होते. आठरे सर, कुलसचिव वांढेकर आणि पुण्याहून आलेल्या एक तज्ज्ञ बाई. बाईंचे केस पांढरे, बारीक कापलेले. त्या फार बोलत नव्हत्या, समोरच्या कागदावर पेन आडवं ठेवून ऐकत होत्या. पद्धत अशी ठरली होती, की प्रत्येक उमेदवाराने आधी उझ्माला थोडा वेळ शिकवून दाखवायचं आणि मग स्वतः एक रचना वाजवायची. पानं उलटायला पियानोच्या डाव्या बाजूला स्टुलावर खाजाभाई.

पहिले गृहस्थ मुंबईचे, डॉक्टरेट घेतलेले. शिकवायच्या वेळात त्यांनी उझ्माला एका रचनाकाराचं सगळं चरित्र सांगितलं. त्याचा बाप, त्याचं आजारपण, त्याची प्रेमप्रकरणं. उझ्मा हात मांडीवर ठेवून ऐकत राहिली. तिने पट्टीला बोट लावायच्या आत वेळ संपली. मग त्यांनी स्वतः वाजवलं. अफाट वाजवलं, खोटं कशाला बोला, खाजाभाईंना पानं उलटताना धाप लागली. पण गाडी चुकेल अशा घाईत ते वाजवत होते. वाजवून झाल्यावर त्यांनी हात असे झटकले, जसं काही चिकटलं होतं.

"वजनदार माणूस आहे," वांढेकर आठरे सरांना म्हणाले. "आपल्या यादीत डॉक्टरेट वाढेल."

दुसऱ्या उमेदवाराचा फोन आला, दुसरीकडे काम मिळालं म्हणून. तिसरी आली ती संस्कृती दरंदले. सोनईची. वडलांचं सोनईत ठिबकच्या नळ्यांचं दुकान. ती चेन्नईत शिकली होती, मग काही वर्षं परदेशात. अंगावर साधा सुती कुडता, पायांत धुळीच्या चपला. आल्या आल्या तिने पियानोच्या पोटात वाकून बघितलं.

वांढेकरांनी विचारलं, "परदेशात राहून आलात. ह्या माळावर करमेल का? दोन वर्षांनी जाल निघून."

"सर, तिकडं करमत नव्हतं म्हणून तर आलेय. सोनईत आणि इथं फरक काय? तिथं वारा कमी, एवढाच."

तज्ज्ञ बाईंनी पेन उचललं, परत ठेवलं.

उझ्मा वाजवायला बसली. संस्कृती तिच्या बोटांकडे बघतच नव्हती. ती कोपराकडे बघत होती. थोडं ऐकून तिने हात वर केला.

"तुझं कोपर कुणी बांधून ठेवलंय गं?"

उझ्मा गोंधळली. "चाचांनी असंच शिकवलं."

"चाचा कोण?"

"हे काय, पानं उलटायला बसलेत."

हॉलमध्ये थोडं हसू झालं. खाजाभाई स्टुलावरून अर्धवट उठले. त्यांच्या कानांत रक्त चढलं होतं, पण सांगायला तर हवंच होतं. "गाडीवर वाजवायची सवय, म्याडम. वरातीत बँडची गाडी हालती. कोपर आंगाला दाबून नाय धरलं तर हात सुटतो."

संस्कृती हसली नाही. तिने मान हलवली, खरंच विचार करून. "बरोबर आहे. गाडीवर तसंच धरावं लागेल." मग ती उझ्माकडे वळली. "पण ही गाडी हलत नाही. बघ, चांगली जड आहे. सोड कोपर."

तिने उझ्माचा हात मनगटाशी धरून वर उचलला आणि सांगितलं, की भरलेली बादली दमून ओट्यावर ठेवतेस ना, तसा हा हात खाली येऊ दे. मारायचं नाही, दाबायचं नाही. ठेवायचं. पहिल्यांदा उझ्माला जमलं नाही. दुसऱ्यांदा हात लटपटला. मग एकदा तो आला खाली, आणि पियानोतून असा आवाज निघाला की आठरे सरांनी चष्मा काढला. एकच सूर होता तो. जाड, गोल, आतून पिकलेला. उझ्मा स्वतःच्या हाताकडे बघत बसली, तो दुसऱ्या कुणाचा असावा तशी.

दोन वर्षं जी गाठ खाजाभाई शोधत होते ती त्यांनीच मारलेली होती, आणि ह्या पोरीने येऊन चहा थंड व्हायच्या आत ती सोडली. दुसऱ्या एखाद्याला त्याचं दुःख झालं असतं. खाजाभाईंना थोडं झालं, नाही असं नाही. पण त्या सुराची गोलाई हॉलमध्ये फिरत होती आणि तिच्यापुढे ते दुःख फार बारीक वाटत होतं. आता ही इथं राहिली पाहिजे. एवढं एकच त्यांच्या डोक्यात बसलं. अल्ला, हिची चूक होऊ देऊ नको, असं ते मनात म्हणाले आणि स्टूल पुढे सरकवलं.

संस्कृती वाजवायला बसली. कुणा जुन्या परदेशी रचनाकाराची लांब, संथ रचना. तिने पहिला सूर लावला आणि खाजाभाईंना कळलं, की हे वरातीसारखं पुढे जाणारं संगीत नाही. हे एका जागी उभं राहून खोल जात होतं. विहीर खणताना माती वर येत राहते तसे सूर वर येत होते, आणि प्रत्येक सुराबरोबर खालचा अंधार वाढत होता. ती मान हलवायची, खाजाभाई पान उलटायचे. मान, पान. शेवटच्या पानावर सूर चढत चढत एका उंच कड्यावर आले, आता पुढचं पाऊल पडणार, आणि ती थांबली.

दोन्ही हात पट्ट्यांवर, अधांतरी. हॉलमध्ये काही नाही.

खाजाभाईंनी कागदाकडे बघितलं. तिथं काय लिहिलंय ते त्यांना लागेना. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. डोळे मिटलेले. विसरली, त्यांच्या मनात आलं. पोरगी विसरली.

आता हे सांगायला हवं, की बँडमध्ये एक शिस्त असते. वरातीत काहीही होवो, आवाज पडू द्यायचा नाही. घोडीला त्या आवाजाची सवय असते. आवाज थांबला की घोडी थांबते, घोडी थांबली की नवरा कावराबावरा होतो, आणि मग नवऱ्याचे मामे येऊन बँडमास्तरची गचांडी धरतात. एकदा पाथर्डीत ऐन चौकात बँडमधल्या मच्छिंद्रच्या क्लॅरिनेटची पत्ती तुटली तेव्हा खाजाभाईंनी डाव्या हाताने त्याची ओळ उचलली होती. नवऱ्याकडच्यांना पत्ताही लागला नाही. ज्याचा सूर पडला त्याचा शेजारी तो उचलतो. यात विचार करायचा नसतो. विचार करेपर्यंत घोडी वळलेली असते.

खाजाभाईंनीही विचार केला नाही. त्यांचा हात गेला. डावीकडच्या खालच्या पट्ट्यांवर त्यांनी एक भरघोस स्वरमेळ ठेवला. सूर बरोबर होते, त्या कड्यावरून थेट घरी आणणारे.

तज्ज्ञ बाईंच्या हातातलं पेन खाली पडून घरंगळत गेलं.

संस्कृतीने डोळे उघडले. तिने खाजाभाईंकडे बघितलं नाही. हात होते तिथंच वर ठेवले, खाजाभाईंचा स्वरमेळ विरत विरत पार नाहीसा होईपर्यंत थांबली, आणि मग राहिलेल्या दोन ओळी इतक्या हलक्या वाजवल्या, की संपलं कधी ते कळलंच नाही.

वांढेकर सगळ्यात आधी उठले. "हे काय होतं? उमेदवाराला साथ कुणी दिली? असं चालत नाही. ही मुलाखत बाद धरावी लागेल."

खाजाभाई उभे राहिले. आता कुठं त्यांना कळत होतं, की ती विसरलेली नव्हती. ती शांतता तिथं लिहिलेलीच होती, आणि तिच्यावर आपण गावभर वाजणारा बँड घातला. "साहेब, बाईंची काय बी चूक न्हाई. मला वाटलं त्या इसरल्या. हात माजाच गेला."

"पण कशाला गेला?"

"आवाज थांबला का घोडी थांबती, साहेब."

"कुठली घोडी?" तज्ज्ञ बाई म्हणाल्या. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्यांनी खाजाभाईंकडे सरळ बघितलं.

खाजाभाईंनी सांगितलं. घोडी, मामे, पाथर्डीचा चौक, मच्छिंद्रची पत्ती, सगळं. मामांचा प्रसंग आला तेव्हा आठरे सरांनी तोंडावर रुमाल धरला. तज्ज्ञ बाई मात्र शेवटपर्यंत गंभीर होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी संस्कृतीला विचारलं, "तुम्हाला काय वाटलं त्या वेळी?"

"आधी दचकले," संस्कृती म्हणाली. "मग म्हटलं, आता आलाच आहे तर तो आवाज जाऊ द्यावा. सूर चुकीचा नव्हता मॅडम, फक्त लवकर आला. मी अजून घरी निघाले नव्हते."

"हे बघा," बाई वांढेकरांना म्हणाल्या, "चूक आपल्या माणसाची आहे. पेपर वाटणाऱ्याच्या हातून शाई सांडली म्हणून मुलाला नापास करतात का? परत वाजवू द्या. पहिल्यापासून."

वांढेकर बसले. "मग पानं उलटायला दुसरं कुणीतरी बसवा."

"नको, तेच बसू देत," संस्कृती म्हणाली. "माझी मान त्यांना कळलीय. चाचा, फक्त हात मांडीखाली ठेवा."

"मंग पान कशानं उलटू?"

"पानापुरता एक काढा."

ह्यावर वांढेकरसुद्धा हसले. खाजाभाई खरोखरच दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले, थंडीत शेकोटीपाशी बसावं तसे.

ती पुन्हा वाजवायला लागली. पुन्हा तेच खणणं, तोच अंधार. मान, पान. सूर कड्यावर आले आणि ती थांबली. खाजाभाईंचा डावा हात मांडीखाली उडाला, कोंबडीसारखा. त्यांनी तो दाबला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर सूर पडला होता आणि ते काही करत नव्हते. आता घोडी थांबणार, आता मामे येणार, असं त्यांच्या अंगातलं जुनं रक्त ओरडत होतं. कुणी आलं नाही. पंख्याचा आवाज आला. लांब रस्त्यावर टेम्पोने गिअर बदलला. बाहेर माळावर वारा कशाला तरी घासत होता, आणि ह्या सगळ्याच्या खाली, खोल, आधीचा सूर अजून होता. पट्टीवर नव्हता, तारेवर नव्हता. तो ऐकणाऱ्यांच्या आत उभा होता आणि कुणी त्याला पुढं ढकलत नव्हतं. खाजाभाईंना वाटलं, इतकी वर्षं आपण आवाजाच्या पुढे पुढे चालत आलो. त्याच्यामागे काय चालत येतं, ते कधी वळून बघितलंच नाही. त्यांनी डोळे मिटले. भीती गेली होती. मग तिचा हात खाली आला, दोन ओळी झाल्या, आणि संपलं.

तज्ज्ञ बाईंनी चष्मा पुसला आणि तिघंजण आतल्या खोलीत गेले.

हॉलमध्ये संस्कृती, उझ्मा आणि खाजाभाई एवढेच उरले. खाजाभाईंनी हात मांडीखालून काढले, त्यांना मुंग्या आल्या होत्या.

"म्याडम, तुमचं काम बिघडलं तर मी तोंड दाखवायच्या लायकीचा राहनार न्हाई."

"चाचा, एक सांगा," संस्कृती म्हणाली. "तुम्हाला कागद वाचता आला नाही, मग नेमका तोच स्वरमेळ कसा सापडला?"

"तुमी जिथं थांबला तिथून वाट एकच हुती."

"होती खरी." ती उझ्माकडे बघून म्हणाली, "कान कुणी दिला तुला, ते कळलं. नाहीतर इतक्या पटकन कोपर सुटत नाही. काहीजणांची वर्षं जातात."

उझ्माने खाजाभाईंकडे बघून डोळे मिचकावले. खाजाभाईंनी तिला नजरेनेच दटावलं, पण मिशीखाली काहीतरी हललं.

आतून वांढेकरांचा आवाज चढलेला ऐकू आला, मग बाईंचा, बसका आणि ठाम, मग फोनवर अध्यक्षांशी बोलणं. चहा आत गेला, कप बाहेर आले. शेवटी दार उघडून आठरे सर आले. ते चेहरा लपवू शकत नसत, गाताना नाही आणि एरवीही नाही.

"झालं," ते म्हणाले. "दरंदले बाई, अध्यक्षांचा होकार आला. जूनपासून या. कागदपत्रं मागाहून होतील." मग खाजाभाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि वांढेकर साहेबांनीच विषय काढला बरं का, की ह्यांना कुठं सोडू नका. विभागात दोघंही हवेत. तुमच्या घोडीने त्यांना पुरतं जिंकलं."

खाजाभाईंनी दोन्ही हात जोडले, कुणाला ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. जागा भरली गेली होती. पियानो टीव्हीखाली जाणार नव्हता. छातीतून काहीतरी जड, हळूच, ओट्यावर ठेवल्यासारखं खाली आलं.

तोवर उझ्मा संस्कृतीजवळ जाऊन उभी होती. "मॅडम, आत्ताच परत दाखवता का? कोपर परत चिकटायला लागलंय."

"बस. जूनपर्यंत कशाला थांबायचं?"

दोघी बाकड्यावर बसल्या. खाजाभाई सवयीने डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले. समोर कागद नव्हता. उझ्मा पाठ केलेलं वाजवत होती, मघाशी शिकताना वाजवलेलीच रचना, जी खाजाभाईंनी तिला सरगम सांगून सांगून बसवून घेतली होती. मधेच संस्कृती तिचं मनगट उचलायची, काहीतरी पुटपुटायची, आणि मुलगी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. प्रत्येक वेळी सूर थोडा जाड व्हायचा, थोडा गोल. दोघींपैकी कुणाचंही लक्ष आता आजूबाजूला नव्हतं.

खाजाभाई थोडा वेळ ऐकत उभे राहिले. मग त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली, दाराशी जाऊन चपला पायांत सरकवल्या, आणि दार आवाज न करता ओढून घेऊन बसच्या थांब्याकडे चालायला लागले.